लोखंडाविना मशीन

शिवाजी उद्यमनगरातल्या पोराला मशीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. लेथच्या आवाजातच ते झोपायला शिकतं. पण आता त्याच घरांच्या माडीवर नवा मशीनवाला तयार झालाय. याचं मशीन व्हर्च्युअल. लोखंड लागत नाही, तापतं मात्र खरंखुरं.

याला सॉफ्टवेअर करायचंय. निदान घरी तसं सांगितलंय. पण थेट लॅपटॉपवर कोड लिहिणं त्याला कमीपणाचं वाटतं. "मेन सिस्टीम घाण करायची न्हाई, भावा." म्हणून आधी व्हर्च्युअलबॉक्स, त्यात उबुंटू, त्यात कंपायलर. हे व्हर्च्युअलबॉक्स मूळ जर्मनीतल्या इनोटेकचं, २००८ मध्ये सनकडं गेलं आणि २०१० मध्ये ओरॅकलकडं, हा सातबारा त्याला तोंडपाठ. सुरुवातीलाच मशीन कुरकुरतं : बायोसमध्ये व्हीटी-एक्स बंद आहे. दुसरा खचला असता, हा खुलतो. पहिल्या फटक्यात चालू होणाऱ्या गोष्टीत त्याला राम वाटत नाही.

मग रॅम. लॅपटॉपला सगळी मिळून ८ जीबी. पट्टी हिरव्यातून लाल भागात ओढत हा आतल्या मशीनला ६ बहाल करतो. विंडोज उरलेल्या दोनात अंग चोरून बसतं, माउसचा बाण जागच्या जागी थिजतो, पंखा घोंगावतो. हा खूश : "नाद खुळा!"

खरं व्यसन स्नॅपशॉटचं. कंपायलर टाकण्याआधी एक, टाकल्यावर एक, चहाला जाताना एक. बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून. पुढं जायची घाई कुणाला आहे? त्यांची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच घे'. शेवटी जागा संपते. "विषय हार्डय," म्हणत तो डिस्ककडं बघतो.

पण सबमिशनच्या आदल्या रात्री याचा भाव वधारतो. कुणाचं जावा मोडलेलं, कुणाचं पायथन रुसलेलं. सगळी गँग हार्ड डिस्क घेऊन माडीवर. हा अख्खं मशीन एका फाइलीत बांधून देतो आणि ते दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जसंच्या तसं उठतं. खाली आबांना लेथ दोन फूट सरकवायचं तर चार माणसं आणि पहार लागते.

जेवताना आबा विचारतात, "झालं का मशीन?"

"झालं. एक नंबर चालतंय."

"मग जॉब कवा चढवायचा?"

"जॉब? आबा, उबुंटू दर दोन वर्षांनी एप्रिलात मोठी आवृत्ती काढतंय. तेवढी येऊ दे, मग नवीनच मशीन उभं करतो."