भिंतीपलीकडची गोदी

व्हय वैनी, आलो की परवाच. रात्री मुंबईत सिद्धेश्वर गाडी धरली, सकाळी सोलापूर, तिथनं येष्टीनं मुरूम. या जरा भिंतीजवळ. राहू द्या ती तूर, कुठं पळून चालली?

गेटवे बघितलं, व्हय. पण पोरानं या खेपेला नवंच काढलं होतं. म्हणला, आई, पैसे भरले की एक जण सोबत चालतो, जुनी मुंबई दाखवतो. मी म्हणलं, चालायचं आपण आणि पैसे पण आपणच द्यायचे? हा कुठला धंदा! पण सूनबाईनं फोनवर आधीच भरून टाकले होते.

गेलो. एक तरणी पोरगी आली, डोक्यावर टोपी, गळ्यात पाण्याची बाटली. फोर्टात फिरवत फिरवत एका मोठ्या फाटकापुढं उभं केलं. लायन गेट म्हणतात, दगडाचे सिंह हायत. म्हणली, याच्या आत जुनी गोदी. मी आपली पदर सावरून निघाले आत, तर म्हणती, नाही आजी, नौदलाची जागा हाय, आत सोडत नाहीत. म्हंजे काय, भिंतीच्या अलीकडं उभं राहायचं आणि पलीकडं काय झालं ते ऐकायचं! सूनबाईला म्हणलं, अगं हे तर मी आमच्या वैनीसंगं रोज फुकटात करते.

हसू नका. पोरगी सांगत होती मात्र झ्याक. म्हणली, कंपनी सरकारला जहाजं बांधायची होती, तवा १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार आणला. सुतार म्हणल्याबरोबर आमचे मालक, जे मघापास्नं चप्पल चावती म्हणून मागं मागं राहिले होते, ते सरळ पुढं येऊन उभे. तुम्हाला तर ठावंय, चार माणसांत तोंड उघडत नाहीत. तिथं विचारतात कसं, "लाकूड कोणचं?"

पोरगी म्हणली, सागवान. मलबारातनं यायचं.

"मग बरोबर," म्हणले. जसं काय हिशेब यांनीच तपासायचा होता.

ती पण हुशार. म्हणली, इंग्रजांच्या ओकच्या लाकडात आंबट रस असतो, लोखंडी खिळा खातो. सागवानात तेल, खिळा शाबूत राहतो, वाळवी फिरकत नाही. हे मान डोलावतायत. मग सांध्याचं निघालं. फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तिच्यात बसवायचे, म्हणली सुरतेकडचे सुतार. झालं! दोघांचं असं जमलं की बाकीची माणसं उन्हात ताटकळली. एक बाई तर सरळ नारळपाणी प्यायला गेली.

सुकी गोदी कशी चालायची ते मला आवडलं. १७५० ची, आशियातली पहिली म्हणतात. आपल्या हौदागत दगडात बांधलेली, पण तोंडाला दार. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, त्यासंगं जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं. जहाज कोरडं उघडं पडतं, मग खालनं काय ठोकायचं ते ठोका. मुंबईला भरती-ओहोटीत दोन पुरुष उंचीचा फरक पडतो, म्हणून तिथं जमलं.

आणि जहाजाला सुरुवात करताना तळच्या मुख्य लाकडात चांदीचा खिळा ठोकायचे! व्हय, चांदीचाच. आता तुम्ही म्हणाल, कुणी उपटून नेला नसेल का. माझ्या पण तेच तोंडात आलं होतं.

लवजीच्या नातवानं, जमशेटजीनं, १८१० साली 'मिंडेन' नावाचं ७४ तोफांचं जहाज बांधलं. इंग्रजांच्या आरमाराचं एवढं मोठं लढाऊ जहाज विलायतेबाहेर पहिल्यांदाच झालं. 'कॉर्नवॉलिस' झालं, त्याच्यावर १८४२ साली चीनकडनं हाँगकाँग लिहून घेतलं. आणि १८१७ चं 'ट्रिंकोमाली' तर अजून पाण्यावर हाय, इंग्लंडात हार्टलपूल म्हणून गाव हाय तिथं. लोक तिकीट काढून बघतात. इथं मालक जरा तापले. "सागवान आपलं, सुतार आपला, आणि बघायला विलायतेला जायचं व्हय?" त्या पोरीचा काय दोष, पण ती बिचारी सॉरी म्हणली.

एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, मराठ्यांची जहाजं कुठं गेली? तर म्हणली, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला बांधायला काढली होती. पुढं १७५६ ला विजयदुर्गात तुळाजी आंग्र्याचं आरमार इंग्रजांनी जाळलं, आणि इंग्रजांच्या जोडीला होते पेशवे. भावकी वैनी, दुसरं काय! बांधावरनं भांडणारी आपली माणसं बघा, जमीन जाती तिसऱ्याच्या घशात.

शेवटी गेटवेवरनं होडीत बसवलं. मी डोळे मिटून दांडा धरला, आपल्या बेनितुरा नदीच्या पलीकडं पाणी बघितलंय कधी मी? तर हे म्हणतात, "अगं बघ, भिंत मागनं उघडी हाय!" खरंच की. समुद्राकडनं सगळी गोदी दिसती, राखाडी लढाऊ जहाजं ओळीनं उभी. होडीतली समदी ताज हॉटेलाकडं तोंड करून फोटो काढतायत, आमचे एकटेच पाठमोरे. पुढं माझगावच्या गोदीत अजून नवी बांधतात म्हणली ती, पण आता लोखंडाची. ते ऐकल्यावर यांचं मन उडालं, घरी चला म्हणाले.

आल्यापास्नं माळ्यावरचा वाकस आणि रंधा काढून पाजळत बसलेत. तुमच्या गोठ्याच्या दाराचं काम घेतो म्हणत होते, त्या खाचेच्या सांध्याचं, सागवानात. काल उमरग्याला जाऊन भाव विचारून आले. आज म्हणतायत, गोठ्याला बाभळच बरी.