गुंठ्याच्या नवव्या हिश्श्यातलं डांगर

बारामतीत कुठलीही गोष्ट थोडक्यात आटपायची रीत नाही. मोरोपंतांनी इथे बसून रामायण लिहायला घेतलं, तर त्यांचं एकावर भागलं नाही. 108 लिहिली अशी त्यांची ख्याती आहे, आणि त्यातल्या एकात तर ओठाला ओठ लागेल असं अक्षरच येऊ दिलं नाही. पुढे 1885 मध्ये नीरा डावा कालवा आला, त्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले आणि गावाची बोली टनांत गेली. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ इथे आधी 'एकरी किती?' विचारतो, आडनाव नंतर. मी उभी नोकरी बँकेत काढली. लोकांच्या सातबाऱ्यांवर पीककर्जाचे बोजे चढवले, पण माझ्या स्वतःच्या नावावर सातबारा नाही. त्यामुळे या प्रश्नाला मी जिलबीत तोंड घालून उत्तर देत आलो.

निवृत्त झाल्यावर मात्र उचल खाल्ली. आपणही काहीतरी वजनदार पिकवायचं.

भोपळाच का, याला जबाबदार मोबाइल. निवृत्त माणसाला मोबाइल कधी काय दाखवील, सांगता येत नाही. मला त्याने मिनेसोटाचा ट्रॅव्हिस गिंजर दाखवला. हा बागकाम शिकवणारा मास्तर. 2023 मध्ये त्याने कॅलिफोर्नियात हाफ मून बे गावच्या काट्यावर 1,247 किलोचा भोपळा चढवला आणि जगाचा विक्रम केला. सव्वा टन, तोही एकरी नव्हे, नगी! मी तो व्हिडिओ लगेच मेहुण्याला पाठवला. मेहुणा इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढे उजनीच्या फुगवट्याच्या काठावर ऊस आणि केळी करतो. त्याचं उत्तर आलं, "दाजी, ह्याच्या तोडणीला टोळी लागंल. उचल किती द्यायची?"

या राक्षसी भोपळ्यांचं कूळ कॅनडातलं. नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावचा हॉवर्ड डिल नावाचा शेतकरी वर्षानुवर्षं मोठ्यातल्या मोठ्या फळाचं बी राखत गेला, आणि त्यातून 'अटलांटिक जायंट' हा वाण निघाला. आज विक्रमी भोपळा कुठेही काट्यावर चढो, त्याची वंशावळ डिलच्या वावरात जाते. त्याच विंडसरला 1999 पासून भोपळे कोरून, त्यात बसून तळ्यात वल्हवायची शर्यत भरू लागली. लेकीकडे राहून गुटगुटीत झालेल्या आपल्या गोष्टीतल्या म्हातारीने जे जंगलात केलं, ते ही मंडळी पाण्यात करतात. आमच्याकडे पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची, पण आत बसायची कल्पना कुणाला सुचली नाही. भिगवणच्या नावाड्यांनी विचार करावा. रोहित पक्षी बघायला येणारे पुण्याचे पाहुणे दुप्पट भाडं देतील.

अडचण होती जागेची. तिकडचे जाणकार एकेका वेलाला हजारेक चौरस फूट देतात. आपला गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे तिकडे भोपळासुद्धा गुंठामंत्री असतो. माझ्याकडे मागच्या दारी दहा बाय बारा, गुंठ्याचा जेमतेम नववा हिस्सा. त्यातही तुळस, कढीपत्ता, बंद पडलेला कूलर आणि बायकोची कपड्यांची दोरी हे मूळ कब्जेदार. बायकोने हद्द आखून दिली. दोरीखाली एक पान जरी आलं, तरी त्या दिवशी त्याचीच भाजी होईल.

खड्डा खणला. मेहुण्याने शेणखत, निंबोळी पेंड आणि कारखान्याची मळी गोण्या भरून पाठवली. जीवामृतासाठी ड्रम मांडला. त्यात शेण आणि गोमूत्र पडलं तोवर आमच्याकडे राहणारी आत्या गप्प होती, पण वर गूळ आणि बेसन पडताना बघून म्हणाली, "एवढ्यात माणसांचे लाडू झाले असते." तिसऱ्या दिवशी त्या ड्रमच्या वासाने कॉलनीतल्या सगळ्या मागच्या खिडक्या बंद झाल्या, आणि मी शेतकरी झाल्याची बातमी अशी नाकावाटे सर्वांना पोचली.

ऑनलाइन मागवलेलं परदेशी बी मेच्या सुरुवातीला लावलं. 2025 च्या त्या मे महिन्याच्या अखेरीस बारामती-इंदापुरात जो पाऊस कोसळला, तो जुन्या माणसांनीही पाहिला नव्हता. नीरा डावा कालवा फुटला, एनडीआरएफची पथकं आली. लोकांच्या घरात पाणी शिरलेलं असताना माझ्या चार रोपांचं रडगाणं कुणापुढे गाणार? पर्जन्यछायेच्या प्रदेशात बुडून मरण्याचा मान मात्र त्या कॅनेडियन रोपांना मिळाला. सासूबाईंनी मग राखेत घोळून ठेवलेलं घरचं डांगराचं बी दिलं. कागदावर बघाल तर अटलांटिक जायंट हा कुकुरबिटा मॅक्सिमा, थंड हवेत सुखावणारा; आपलं डांगर बहुधा मोशाटा, उन्हाला न जुमानणारं. सासूबाईंचं शास्त्र याहून आटोपशीर होतं: "हे इथलं हाय. मरत न्हाय."

आणि खरोखर मेलं नाही. आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी बारामतीत आली, तेव्हा वेल कूलरवर चढला होता. आमच्याकडे जेवायला आलेल्या वारकऱ्यांत पंढरपूरकडचे एक बाबा होते. हात धुता धुता त्यांनी वेलाकडे पाहिलं आणि विचारलं, "माउली, गोड हाय का कडू?" मी अभिमानाने गोड म्हणालो. बाबांचा चेहरा पडला. "मग वीणा व्हायची न्हाय." त्यांच्याकडे भीमेच्या काठाला कडू भोपळा मुद्दाम लावतात. तो वाळवून मिरजेला जातो आणि तिथे त्याचे तंबोरे, सतारी होतात. कडू असल्यामुळे त्याला कीड लागत नाही, आणि जाड सालीमुळे आवाज घुमतो. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याच उजनीतून खाली गेलेल्या पाण्यावर वाढलेला भोपळा गवयाच्या मांडीशी बसतो आणि माझा फार तर भरितात जाणार, हे ऐकून माझंही तोंड थोडं कडू झालं.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला केंद्र सरकारची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. अवर्षण, उष्णता, खारवट जमीन यांचा पिकांवर पडणारा ताण तिथे अभ्यासतात. जैविक ताणाची संस्था मात्र सरकारने रायपूरला काढली. एवढ्या लांब का नेली, कळत नाही. आमच्या कॉलनीत नमुने भरपूर होते. शास्त्राप्रमाणे जैविक ताण म्हणजे किडी आणि रोग. आमच्याकडे त्यात शेजारी धरावे लागतात. इथल्या कृषी विज्ञान केंद्राच्या शेतावर उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली, तिचं मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी जगापुढे कौतुक केलं. माझ्या वेलाला नैसर्गिक बुद्धिमत्ता मिळाली, तीही सकाळ-संध्याकाळ आणि चहासकट. पानांवर भुरी दिसताच एकाने ताक फवारा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने ताक नको, दूध म्हणून सांगितलं. डाळिंबवाला एक व्याही आला, तो तेल्या रोगाने पोळलेला. त्याने पिशवीतून सात बाटल्या काढून ओळीने मांडल्या आणि कुठली आधी मारायची यावर माझ्याच ओट्यावर व्याख्यान दिलं. मी ताक निवडलं, कारण उरलेलं पिता येतं.

भोपळ्याची नर फुलं आधी येतात, आणि भरमसाट येतात. मादी फूल मागून येतं, ते देठाशी लिंबाएवढं फळ घेऊनच. दोन्ही पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. मधमाशीच्या भरवशावर राहायचं नसेल तर नर फूल तोडून, पाकळ्या काढून, केसर मादी फुलाच्या मधोमध फिरवावं लागतं. हे काम मी पहाटे, बॅटरी तोंडात धरून, ओणव्याने करत असताना भिंतीपलीकडून निवृत्त मुख्याध्यापक फिरायला निघाले. बराच वेळ त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "या वयात मध्यस्थी? आपल्या कॉलनीतली लग्नाची तीन मुलं आधी बघा."

फळ धरलं आणि आत्याने फर्मान काढलं, की कुणी बोट दाखवायचं नाही. कोवळ्या डांगराला बोट दाखवलं की ते कुजतं, आणि दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवावं, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. परागीभवन न झालेली फळं पिवळी पडून गळतात आणि धरलेल्यांत फळमाशी अंडी घालते, हे मी तिला समजावलं, क्यू-ल्यूरचा सापळाही टांगून दाखवला. तिने सापळ्याशेजारी काळी बाहुली टांगली. त्यानंतर फळ कुजलं नाही. श्रेय कोणाचं, यावर घरात अजून एकमत नाही. एवढं मात्र खरं, की आलेला प्रत्येक पाहुणा मूठ वळून फळाकडे हात करायचा, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला आमच्या परसात रोज कुणाची तरी सभा चालली आहे असं वाटायचं.

फळ मोठं हवं तर वेलावर एकच ठेवायचं, बाकीची खुडायची. खुडलेल्या कोवळ्या फळांची भाजी पहिल्या आठवड्यात कौतुकाने झाली. दुसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "डोहाळे डांगराचे आणि खाणं आमच्या नशिबी."

खरा वाद पेटला तो भिंतीवरून. वेल हद्द ओलांडून मुख्याध्यापकांच्या आवारात गेला आणि भोपळ्याच्या वेलाच्या स्वभावाप्रमाणे तिथे पेऱ्यापेऱ्याला मुळ्या सोडून बसला. फळ माझ्या बाजूला, मुळ्या त्यांच्या बाजूला. सरांनी पाण्याचा मुद्दा काढला: "वेल पाणी माझ्या बागेतलं पितो, तेव्हा फळात हिस्सा हवा." तोडगा काढायला मेहुण्याला बोलावलं, तर त्याने सरांचीच बाजू घेतली. नीरा डाव्या कालव्याच्या हेडला आम्ही बारामतीकर आणि टेलला इंदापूरकर. टेलच्या माणसाच्या मनात पिढ्यान् पिढ्यांची तहान साठलेली असते. "वरच्यांनी पाणी प्यायचं आन् खालच्यांनी आवर्तनाची वाट बघायची, हे डांगरात तरी नको," असं तो तावातावाने बोलला. शेवटी एक चतुर्थांश हिस्सा सरांना, असा तोंडी निवाडा झाला.

भाद्रपदात देठ वाळला आणि परतीच्या पावसाने फळ तडकायच्या आत ते उतरवलं. मार्केट यार्डातल्या एका अडत्याच्या काट्यावर वजन भरलं 31 किलो 400 ग्रॅम. मेहुण्याचा पहिला प्रश्न, "काटा तपासून घेतला का?" ऊस घालणाऱ्या माणसाचा देवाच्या तराजूवरही विश्वास नसतो. मी मात्र त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 120 चौरस फुटांत 31.4 किलो, म्हणजे एकरी अकरा टनांच्या वर! पुढच्याच लग्नात मी जिलबी बाजूला ठेवून स्वतःहून शेजाऱ्याला आकडा सांगितला. "अकरा?" तो म्हणाला, "खोडवा हाय का?" महिन्याभरात इंग्लंडमधून बातमी आली, की स्टुअर्ट आणि इयान पेटन या जुळ्या भावांनी 1,278.8 किलोचा भोपळा काढून नवा विक्रम केला. माझ्यासारखी चाळीस डांगरं समोर टाकली तरी पारडं त्यांच्याच बाजूला झुकेल. ते त्या भोपळ्याचं पुढे काय करतात, ते मला माहीत नाही, पण त्यांच्या बायकांविषयी मला सहानुभूती आहे.

कारण पिकवणं सोपं, संपवणं अवघड. न चिरलेलं डांगर महिनोन् महिने टिकतं. पूर्वी सासरवाडीत ते तुळईला शिंक्यात टांगलेलं असायचं आणि वीस माणसांच्या घरात एका सांजेला संपायचं. आता आमच्या घरात आम्ही दोघं आणि आत्या. मंडईतही डांगर फोडीनेच विकतात, अख्खं कुणी नेत नाही. पितृपंधरवड्यात गवार आणि भोपळ्याला मागणी असते म्हणून तेव्हाच उसाच्या कोयत्याने चिरलं, पण प्रत्येक घरच्या पितरांना लागतो पाव किलो. पितरसुद्धा आता विभक्त कुटुंबात राहतात. आमच्याकडे भाजी झाली, घारगे झाले, दह्यातलं भरीत झालं, खीर झाली, थालीपीठ झालं. कावळ्याने भाजी ओलांडून वडा उचलला. हिंजवडीतल्या मुलाला एसटीने पार्सल पाठवतो म्हटलं, तर तो म्हणाला, "बाबा, मी आठवडाभर ऑफिसच्या कामाने बाहेर आहे," आणि मागून त्याच्याच घरचा कुकर शिटी देत होता. चतुर्थांश हिश्श्याचे मालक मुख्याध्यापक त्याच सुमाराला मुलीकडे गेले. म्हातारी लेकीकडून भोपळ्यात बसून परत आली होती. सर भोपळ्याला भिऊन लेकीकडे गेले.

बिया भरपूर निघाल्या आहेत, राखेत घोळून ठेवल्या आहेत. ज्यांच्या मागच्या दारी दहा बाय बारा जागा असेल त्यांनी येऊन न्याव्यात, पैसे नकोत. अट एकच, दर दहा बियांमागे एक किलो कीस सोबत न्यावा लागेल, तो फ्रीजरमध्ये तयार आहे. डबा घरून आणावा. आमचे सगळे डबे लोकांकडे गेलेत आणि त्यातला एकही अजून परत आलेला नाही.