तत्त्ववाले भाऊ

वर्धा जिल्ह्यात दर मोहल्ल्याला एक तरी तत्त्ववाले भाऊ असतात. बहुधा निवृत्त शिक्षक किंवा ग्रामसेवक. अंगात खादी, खांद्याला शबनम आणि तोंडात 'आपल्याला चालत नाही'. काय काय चालत नाही याची यादी पक्की असते. लग्नात आहेर चालत नाही, पंगतीत आग्रह चालत नाही, पानात टाकलेलं तर मुळीच चालत नाही. पोहे चालतात, वरची तर्री चालत नाही. भाऊ जेवायला येणार म्हटलं की घरची बाई 'आता यांना काय वाढू बाप्पा' म्हणून कपाळाला हात लावते, आणि भाऊ उंबऱ्याबाहेर पडले की पोरं त्यांची नक्कल सुरू करतात. माझं म्हणणं असं की भाऊंची नक्कल इतकी सहज जमते, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

नक्कल करायची तर समोरच्याचे नियम माहीत हवेत. 'आपण तर बुवा माणुसकी मानतो' म्हणणाऱ्याला कुणी कधी पकडलंय? त्याची माणुसकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्यालाही ठाऊक नसतं. भाऊंनी मात्र आपलं माप स्वतःच चारचौघांच्या हाती देऊन ठेवलेलं असतं. हा वाण इथलाच. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्यांच्या आश्रमाची व्रतं मोजून अकरा. सत्य-अहिंसेचं नाव कुणीही घेतो, पण अहिंसा पाळायची तर खोलीत साप निघाल्यावर काय करायचं? सेवाग्रामला त्याचं उत्तर आजही पाहायला मिळतं: साप न दुखावता धरायचा लाकडी चिमटा आणि त्याला दूर नेऊन सोडायचा पिंजरा. तत्त्व इतकं स्पष्ट असलं की त्याला दांडासुद्धा बसवता येतो. त्या अकरांतलंच एक अस्वाद, म्हणजे जिभेसाठी खायचं नाही. आता याच वर्ध्याचं नाव बाहेरगावी कशासाठी निघतं, तर गोरसपाक नावाच्या गोड जिन्नसासाठी! अमेरिकी पत्रकार लुई फिशर १९४२ मध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिले आणि रोजच्या त्याच त्या भाजीला कंटाळले, तेव्हा मीठ-लिंबू घ्या असं खुद्द गांधीजींनीच सुचवलं. हा प्रसंग भाऊ कधी सांगत नाहीत.

कुणी म्हणेल, स्पष्ट नियम केले की माणूस पळवाटाही तितक्याच स्पष्ट काढतो. खरं आहे. दूध न पिण्याचं व्रत घेतलेल्या गांधीजींनी दुखण्यात शेळीचं दूध घेतलं. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, हा आधार. पण व्रताचा नुसता शब्द राहिला, आत्मा गेला, ही कबुली आत्मकथेत त्यांनीच दिली आहे. शब्द पक्का होता म्हणून तर काय निसटलं ते दिसलं. जिल्ह्याच्या दारूबंदीचंही तसंच. वर्धा नदी ओलांडून यवतमाळात गेलं की बंदी संपते आणि त्या दिशेला कोण किती वेळा 'कामासाठी' जातो, हे गावाला पाठ असतं. बंदीच नसती तर त्या फेऱ्या मोजल्या कुणी असत्या?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून येतो. गांधीजींना गरिबीत ठेवायला फार खर्च येतो, अशी सरोजिनी नायडूंची थट्टा प्रसिद्ध आहे. भाऊंच्या घरी ती रोजची वस्तुस्थिती असते. खादीला कांजी वहिनी करतात, बिनतिखटाची भाजी वहिनीच वेगळी काढतात. व्रत भाऊंचं, राबणं वहिनींचं. इथे भाऊंची बाजू मला घेता येत नाही. याच जिल्ह्यात पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैसा सोडला, शेतीत बैलही सोडले आणि कुदळ आपल्याच हाती घेतली. जमनालाल बजाजांनी १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, तेही आपल्याच घराण्याचं देऊळ होतं. तत्त्वाची किंमत ज्याची त्यानं मोजावी, हे बारावं कलम भाऊंच्या यादीत अजून चढायचं आहे, आणि ते चढेपर्यंत वहिनींनी एखादा दिवस सत्याग्रह करायला काहीच हरकत नाही.

एवढं असूनही गणेश मंडळाच्या वर्गणीचा डबा कुणाकडे ठेवायचा, असा प्रश्न निघाला तर माणुसकीवाल्यांकडे नका देऊ. भाऊंकडे द्या. फक्त हिशेब घ्यायला जेवणाच्या वेळी जाऊ नका.