अर्ज लेकीचा, पासबुक बापाचं

ऑक्सफर्डला अर्ज करायचा म्हणजे सर्वांत आधी आपलं नाव काय आहे ते ठरवावं लागतं. आमच्या लेकीला पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत हा प्रश्न पडला नव्हता. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग ती, मग मी आणि शेजारच्या रकान्यात आई, असं आमचं सबंध कुटुंब उत्तीर्ण झालेलं आहे. पासपोर्टवर ती आणि मी एका ओळीत, आडनाव दुसऱ्या. फॉर्मात मात्र चौकटी दोनच. बापाला बसवायचं कुठे? शेवटी पासपोर्टला प्रमाण मानून पहिल्याच चौकटीत मला तिच्या मागे उभं केलं. त्यामुळे तिकडून येणारी प्रत्येक ईमेल 'प्रिय' म्हणून आम्हां दोघांनाही हाक मारते. मी एम.ए. मराठी, द्वितीय श्रेणी. इतक्या आपुलकीने मला आजवर कुठल्याच विद्यापीठाने बोलावलेलं नाही.

अभ्यासक्रमाचं नाव होतं 'वॉटर सायन्स, पॉलिसी अँड मॅनेजमेंट'. पाण्याचं शास्त्र, धोरण आणि व्यवस्थापन, सगळं एका वर्षात. माझ्या आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "अगं, पाणी बघायला सांगलीहून इंग्लंडला? ऑगस्टात जिना उतरून बघ की."

बोलणं चुकीचं नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमचा तळमजला तेव्हा नदीकडेच होता आणि आम्ही वरच्या मजल्यावर तिचे भाडेकरू होतो. नुकसानीचा पंचनामा तलाठ्याने केला, पण त्या नुकसानीतून काही उत्पन्न निघू शकतं हे ओळखलं पुण्याच्या एका काउन्सेलरने. तो म्हणाला, एसओपीची सुरुवात हृदयाला भिडणाऱ्या प्रसंगाने करायची. पूर आहे म्हणता? उत्तम! त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की एकच पूर आल्याची मला लाज वाटली. मी घाईघाईने २००५ चाही सांगितला, पण तेव्हा ती फारच लहान होती.

एसओपी म्हणजे आपण हे का शिकणार, आपणच का, आणि तिथेच का, याचं निवेदन. निबंधाचा प्रकार आहे म्हटल्यावर मी पुढे सरसावलो. ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. 'नदीचे आत्मवृत्त' या विषयावर महाराष्ट्रात जेवढं लिहिलं जातं, त्यातलं बरंच माझ्या लाल पेनाखालून गेलेलं आहे. एका रात्रीत मी 'होय, मीच ती कृष्णा' अशी दणदणीत सुरुवात करून दिली. महाबळेश्वरच्या उगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत नुसता ओघ. लेकीने शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "बाबा, अ‍ॅडमिशन मला हवीय. कृष्णेला नाही."

मग तिचं ती लिहायला बसली आणि घरात खरी अडचण सुरू झाली. तिने स्वतःबद्दल एखादं बरं वाक्य लिहिलं की जेवणाच्या टेबलावर ते नामंजूर व्हायचं. 'लीडरशिप' हा शब्द दिसताच हिने विचारलं, "गल्लीच्या मंडळात प्रसाद वाटलास त्याला लीडरशिप म्हणतात का गं?" 'पॅशनेट' तर आईला समजावून सांगण्याचं धाडस कुणाला झालं नाही. आणि ज्या पोरीने पुरानंतर मैत्रिणींना घेऊन गल्लोगल्ली भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा टेपने मोजल्या, कुठल्या घरात किती फूट चढलं याचा नकाशा केला, तिने नेमकं तेच गाळलं होतं. का? तर म्हणे, "त्यात काय सांगायचं? टेपच तर धरली." मराठी मुलाकडून स्वतःबद्दल थोडं वाढवून लिहून घेणं एक वेळ जमेल, जे खरोखर केलं ते लिहून घ्यायला मात्र गळ्याची शपथ घालावी लागते. शेवटी नकाशा आत आला, पॅशन बाहेर गेली. काउन्सेलर हळहळला.

शिफारसपत्रं तीन लागतात. पहिले सर फार प्रेमळ. "तूच लिही, मी वाचून चढवतो," म्हणाले. म्हणजे घरी ज्या मुलीला स्वतःचं कौतुक करायची बंदी, तिने आता सरांच्या तोंडून ते करायचं. तिने ते इतक्या संकोचाने केलं की वाचून सरांनीच विचारलं, "तुझं माझ्याशी काही बिनसलंय का?" आणि मग बिचाऱ्यांनी स्वतः बसून लिहिलं. दुसऱ्या सरांनी लगेच, न मागता, स्वहस्ते लिहिलं: विद्यार्थिनी नियमित उपस्थित असे, तिची वर्तणूक चांगली असून माझ्या माहितीप्रमाणे तिचं चारित्र्य निष्कलंक आहे. ऑक्सफर्डला पोलीस पाटलाची भरती करायची असती तर हे पत्र पुरलं असतं. तिसऱ्या मॅडमचा कॉलेजच्या पत्त्यावरचा ईमेल उघडायचा पासवर्ड फक्त हेडक्लार्कला ठाऊक होता आणि हेडक्लार्क मुलीच्या लग्नासाठी रजेवर. आम्ही त्या लग्नाला जाऊन आलो. आहेर केला. पासवर्ड मिळाला.

राहिली होती ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने शिक्का मारून दिलेला एकत्र उतारा. ती देणाऱ्या खिडकीबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण धाकट्याचा निकाल अजून तिथे अडकलेला आहे. मी चिडून घरी आलो की लेक मला कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगायची. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या या बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. त्या गुणांवर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, पण ती पुरुषांसाठी निघाली. इंग्लंडातल्या हितचिंतकांनी पैसे जमवले, १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या आणि १८९२ साली बीसीएल ही कायद्याची परीक्षा त्यांनी दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या बाई. पदवी मिळाली १९२२ साली, कारण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवातच १९२० मध्ये केली. प्रमाणपत्राला तीस वर्षं! "आणि तुम्ही महिन्यात कावलात," लेक म्हणायची. आमच्या खिडकीतल्या माणसाला हे कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

अर्ज भरायची मुदत जानेवारीतल्या एका दिवशी दुपारी बाराची होती. बारा तिकडचे, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. आई देवापाशी दिवा लावून बसली होती. फॉर्म गेला.

मार्चमध्ये होकार आला आणि नातेवाइकांना तो समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. तिकडची पद्धत अशी की अभ्यासक्रमाचा विभाग वेगळा आणि कॉलेज वेगळं. शिकवतो विभाग, राहण्या-जेवण्याचं कॉलेज बघतं, आणि कॉलेजचा होकार मागाहून येतो. मी बहिणीला फोनवर म्हणालो, "ऑक्सफर्डला अ‍ॅडमिशन मिळाली, कॉलेज अजून मिळालं नाही." संध्याकाळपर्यंत इचलकरंजीला बातमी होती की पोरीचं नाव वेटिंग लिस्टला आहे. त्यात पत्रावर 'कंडिशनल ऑफर' लिहिलेलं. मेहुण्यांनी आवाज बारीक करून विचारलं, "कंडिशन किती लाखांची आहे?"

खरं तर ती कंडिशन अंतिम निकालाची होती. पण मेहुण्यांचा अंदाज अगदीच वाया गेला नाही, कारण पुढे व्हिसा होता. तिथे मुलीची हुशारी कुणी विचारत नाही. तिथे परीक्षेला बाप बसतो. उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसली पाहिजे. एक दिवस जरी शिल्लक त्याखाली उतरली, तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. पैसे आईबापांच्या खात्यात चालतात. मात्र बाप बाप असल्याचा पुरावा हवा. तो शोधायला गेलो तर लेकीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा. बारशाआधीच नोंद केली होती, पुढे नाव चढवायचं राहिलं. माझं नाव मात्र ठसठशीत. म्हणजे मी बाप असल्याचं सिद्ध होत होतं, कुणाचा ते होत नव्हतं.

दाखला दुरुस्त झाला. मिरजेकडचा प्लॉट विकला, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली, हिने पाटल्या काढून दिल्या, उरलेल्याला मेहुणे धावले. मग कंडिशनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. सगळी रक्कम माझ्या बचत खात्यात आली. शाखेतल्या ज्या मॅडम मला पासबुक भरून द्यायला 'उद्या या' म्हणायच्या, त्यांनी खुर्ची दिली आणि विम्याची तीन पत्रकं. मी काहीही घेतलं नाही. श्वाससुद्धा जपून घेत होतो.

हे २८ दिवस आले जुलैत. घरातल्या सगळ्यांच्या देखत मी माझ्या फोनमधलं यूपीआय काढून टाकलं. दहा रुपयांच्या कोथिंबिरीपायी ऑक्सफर्ड जायला नको. लाइटबिल आपोआप कापलं जायचं, ते थांबवलं. बँक तीन महिन्यांनी एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे कापते, त्यासाठी वर थोडी रक्कम ठेवली होती, तरी रात्री दचकून उठायचो. अशात फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला. मेकॅनिकने आकडा सांगितला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कॅलेंडरकडे. दूध शेजारी गेलं, भाज्या रोजच्या रोज, आणि आईने "आमच्या वेळी कुठं होतं हे" हे व्याख्यान सुरू केलं.

आणि मग पाऊस लागला. कोयनेतून विसर्ग वाढवला, अलमट्टीत फुगवटा किती, याच्या बातम्या सुरू झाल्या. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासातासाला आयर्विनची पातळी यायची: २९ फूट, ३१ फूट. आता पाणी चढलं तर तळमजल्यावरचं सामान हलवायला टेम्पो लागणार, टेम्पोवाला पुराच्या दिवसांत रोख मागणार, आणि रोख काढायची सोय नाही. घरात आम्ही दोन आकड्यांकडे डोळे लावून बसलो होतो. पुलावरचा वाढू नये आणि पासबुकातला घटू नये. जगात कुठल्याही विषयाच्या विद्यार्थ्याचं प्रात्यक्षिक इतकं सविस्तर झालं नसेल. नदी ३४ वर थांबली. ऑक्सफर्डला याची कल्पना नसावी, पण आमच्या लेकीच्या प्रवेशात कोयनेच्या अभियंत्यांचा हात आहे.

बाकीचं लवकर उरकलं. क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो, तो ठरवून दिलेल्याच दवाखान्यात छातीचा फोटो काढून मिळाला. तिकडच्या सरकारी दवाखान्यासाठी वर्षाला ७७६ पौंड आगाऊ भरावे लागतात. आईला ते कळल्यावर ती नातीला म्हणाली, "मग जाऊन आधी ती दाढ दाखवून घे." दाताचे बहुतेक पैसे तिथे वेगळे पडतात, हे आम्ही तिला सांगितलेलं नाही.

लेक आता तिकडे आहे. बोडलियन ग्रंथालयात वाचक म्हणून नाव घालताना आत आग पेटवणार नाही अशी शपथ घ्यावी लागते, हे तिने पहिल्याच आठवड्यात कळवलं. दुसऱ्या आठवड्यात कळवलं की तिथे बीएवाल्यांना काही वर्षांनी वेगळी परीक्षा न देता एमए मिळते. द्वितीय श्रेणी मिळवायला मी जे सोसलं ते आठवून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. थेम्सला त्या गावात आयसिस म्हणतात, आणि हिवाळ्यात तिच्या काठचं पोर्ट मेडो हे मोठं कुरण पाण्याखाली जातं. त्याचा फोटो आला. आईने चष्मा लावून पाहिला आणि पाणी किती फूट चढलं ते विचारलं. लेकीला सांगता आलं नाही. आई म्हणाली, "मग तिथं जाऊन शिकतेय काय?"

ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी असा अर्ज व्हायचा आहे, त्यांनी मुलांच्या इंग्रजीची काळजी करू नये, ते होतं. फ्रीज मात्र मे महिन्यातच दाखवून घ्यावा.