न दिसणारा सामना कसा पाहावा

साहित्य : एक टीव्ही, वर्षाची वर्गणी भरलेली एक स्ट्रीमिंग सेवा, अकरा वर्षांचा एक नातू आणि गाव नकाशा. पहिल्या तीन वस्तू अमेरिकेत मुलाच्या घरी आयत्या मिळतात. चौथी आपली आपण तयार करावी लागते.

सदर मार्गदर्शिका सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलेल्या, झाडांना पाणी घालून आणि डिशवॉशर रिकामा करून झाल्यावर हात मोकळे उरलेल्या आजोबांसाठी आहे. आजींनी वाचायला हरकत नाही, पण त्या असल्या भानगडीत पडत नाहीत असा अनुभव आहे.

अधिकाराबद्दल दोन शब्द. मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षे सांगली जिल्ह्यात साखळी ओढली, हद्दीचे दगड रोवले आणि भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या. २०२२च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे आयोवा राज्यात डे मॉइन इथे मुलाकडे होतो. या गावाच्या इंग्रजी नावात दोन ‘एस’ आहेत आणि दोन्ही उच्चारायचे नसतात. लिहिलेले आहे पण ऐकू येऊ द्यायचे नाही, हा प्रकार पाहून मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

नातू बेसबॉलमधल्या शिकागो कब्स संघाचा भक्त. (मी सुरुवातीला ‘कब्ज’ म्हणत असे. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी न बोलता इसबगोलचा डबा आणून ठेवला.) वाढदिवसाला बापाने त्याला सगळे सामने दाखवणारी वर्गणी भरून दिली. पोरगा साडेसहापासून निळी टोपी घालून बसला. सात वाजून पाच मिनिटांनी पडदा काळा झाला आणि त्यावर एक ओळ उमटली : हा सामना आपल्या विभागात उपलब्ध नाही. दोन हजारांवर किलोमीटर दूर असलेल्या सिअ‍ॅटलचा सामना मात्र खेळाडूच्या दाढीचे खुंट मोजता येतील इतका स्वच्छ दिसत होता. दिव्याखाली अंधार ऐकून होतो, वर्गणी भरून पाहिला तो पहिल्यांदा.

अशा वेळी रिमोट आपटू नये. आधी हद्द कायम करावी.

बेसबॉलच्या मेजर लीगच्या संकेतस्थळावर एक खिडकी आहे. तिथे आपला पिनकोड टाकला की आपल्या जमिनीवर कुणाकुणाची नावे लागली आहेत ते कळते. डे मॉइनचा उतारा काढला. शिकागो कब्स, शिकागो व्हाइट सॉक्स, सेंट लुइस कार्डिनल्स, कॅन्सस सिटी रॉयल्स, मिनेसोटा ट्विन्स, मिलवॉकी ब्रुअर्स. सहा हिस्सेदार! आयोवाचा स्वतःचा मेजर लीग संघ एकही नाही. शिकागो इथून ५३० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून हैदराबादला निघालो तर गाव दिसू लागेपर्यंत. एका दिवशी साऱ्या लीगचे पंधरा सामने असतील, तर त्यातले सहापर्यंत सामने आमच्या घरात गडप. माझ्या सगळ्या नोकरीत असा गट पाहिला नाही, की ज्याचे सहाही हिस्सेदार गावाबाहेर राहतात, कुणीही येऊन कसत नाही, आणि कुळाने बांधावर उभे राहून पीक पाहिले तरी हरकत घेतात.

याचे कारण समजून घ्यावे, नाहीतर रक्तदाब वाढतो. प्रत्येक संघाचे सामने दाखवण्याचा हक्क त्या त्या भागातली क्रीडावाहिनी विकत घेत आली. ती केबलवाल्याकडून घरटी पैसे घेते. म्हणून संघाचा मुलूख जितका मोठा तितकी वाहिनी महाग. हे मुलूख काही दशकांपूर्वी, घरात इंटरनेट नावाची वस्तू येण्याच्या आधी आखले गेले. पुढे २६ ऑगस्ट २००२ रोजी लीगने न्यूयॉर्क यँकीज आणि टेक्सास रेंजर्स यांचा सामना पहिल्यांदा इंटरनेटवर दाखवला, तेव्हा जुनाच नकाशा नव्या कामाला लावला. वाहिनीचे म्हणणे असे की तुमच्या भागातला सामना केबलवर बघा. आणि तुमच्या केबलवाल्याने ती वाहिनी घेतलीच नसेल तर? तर मग तुम्ही त्या संघाचे ‘स्थानिक’ आहात या अभिमानावर रात्र काढायची.

आपणच दुर्दैवी आहोत असे मात्र समजू नये. संपूर्ण कॅनडा देश टोरांटो ब्लू जेज या एका संघाच्या नावावर आहे. क्षेत्रफळाने जगात दुसरा देश आणि सातबाऱ्यावर नाव एक! व्हँकूव्हरचा माणूस टोरांटोपासून हजारो किलोमीटर दूर, पण तोही ‘स्थानिक’च. एवढ्या क्षेत्राची मोजणी करायची तर कर्मचारी निवृत्त होतील, दगड रोवून होणार नाहीत.

कोर्टात जावे काय? लोक गेले होते. १९२२ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळे सोडले होते. तरीही २०१२ मध्ये प्रेक्षकांनी दावा लावला, २०१६ मध्ये तडजोड झाली. वर्गणी थोडी उतरली, एकाच संघाची स्वस्त वर्गणी मिळू लागली आणि स्थानिक काळोख होता तिथेच राहिला. दिवाणी दाव्यांचा माझा जो काही अनुभव आहे त्यावरून सांगतो, चार वर्षांत निकाल म्हणजे अतितातडीचाच म्हणायचा.

आता उपाय. सर्वांत जुना आणि निर्दोष उपाय म्हणजे हद्दीबाहेर जाऊन बसणे. इथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हाताने खेळतात त्या फुटबॉलमध्ये, घरच्या मैदानावरचा सामना आसपासच्या ७५ मैलांत टीव्हीवर दाखवायचा नाही असा पूर्वी दंडक होता. न्यूयॉर्क जायंट्सचे चाहते त्यावर काय करीत? रविवारी गाड्या काढून कनेक्टिकट राज्यातल्या मोटेलात खोली घेत, तिथे टीव्हीवर सामना पाहत आणि रात्री घरी परत. नवरा दुपारी मोटेलात जातो आणि खरोखर फुटबॉल पाहूनच परत येतो, हे बायकोला पटवून देणाऱ्या त्या पिढीला माझा नमस्कार. शेवटी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनाही वॉशिंग्टनचा संघ आवडत असल्यामुळे की काय, १९७३ मध्ये कायदा झाला : ७२ तास आधी सगळी तिकिटे खपली तर सामना गावातही दाखवायचा. मी हा उपाय चिरंजीवांना सुचवला. त्यांनी पेट्रोलचा, खोलीचा आणि १६२ सामन्यांचा गुणाकार करून मला दाखवला. मोसमात एकेका संघाचे १६२ सामने असतात, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

दुसरा उपाय पैशाचा. गेल्या काही वर्षांत संघ आपापली वेगळी वर्गणी स्थानिक प्रेक्षकांना विकू लागले आहेत. ती घ्यावी. दुसऱ्या संघाशी नातवाची मैत्री झाली की दुसरीही घ्यावी. सहा झाल्या की थांबावे.

तिसरा उपाय व्हीपीएन. चिरंजीवांच्या ऑफिसातल्या एका सद्गृहस्थांनी तो कानात सांगितला, जणू गावठाणात अतिक्रमणाची जागा सुचवतात तसा. हे यंत्र आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता बदलून दुसरीकडचा दाखवते. मुंबई निवडली की आपण मुंबईत, मग आयोवाच्या सहा हिस्सेदारांचा आपल्याशी संबंध काय? तत्त्व सुंदर आहे. पण एक, सेवेच्या अटींत ते बसत नाही. दोन, पडद्यामागचे लोक ओळखीचे बनावट पत्ते हेरून बंद करतात आणि फोन आपले खरे ठिकाण उपग्रहाला विचारून मोकळा होतो. आणि तीन, ज्याने मला खरा धक्का दिला. त्याच २०२२ मध्ये भारत सरकारने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे जपायचा आदेश दिला. त्यावर काही कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून उचलून नेले. यादीतली ‘मुंबई’ आता सिंगापुरात बसलेली असू शकते. आयोवातला माणूस मुंबईचा म्हणून सिंगापुरातून शिकागोचा सामना पाहणार! खोटी हद्द दाखवण्याबद्दल मी चौतीस वर्षे दुसऱ्यांना नोटिसा काढल्या. उतारवयात हे जमायचे नाही, असे मी स्पष्ट सांगितले. नातवाने माझ्याकडे, आपला पक्ष सोडून समोरच्या बाकावर गेलेल्या आमदाराकडे बघावे तसे पाहिले.

त्या नजरेतून चौथा उपाय जन्मला. तो पूर्णपणे माझा आहे.

अमेरिकेबाहेर बहुतेक देशांत हीच सेवा घेतली तर हा विभागवार काळोख नसतो. म्हणजे कब्सचा प्रत्येक सामना मिरजेत दिसतो. मिरजेत माझा धाकटा भाऊ बापू राहतो. तो पहाटे साडेचारला उठतो आणि सात वाजेपर्यंत त्याला काही काम नसते. आमचे संध्याकाळचे ७ वाजून ५ मिनिटे म्हणजे त्याचे पहाटेचे ५ वाजून ३५. योग जुळून आला. मिरजेच्या पत्त्यावर, मिरजेच्या माणसाने, मिरजेच्या बँकेतून रीतसर वर्गणी भरली. फोनचा कॅमेरा टीव्हीसमोर धरायचा नाही, ते प्रक्षेपण होईल, हे मी बजावले. फक्त बघायचे आणि तोंडाने सांगायचे.

बापूला बेसबॉल ठाऊक नव्हता. ठाऊक होते क्रिकेट, विटीदांडू आणि लगोरी.

‘‘दादा, एक जण गुडघे मोडून बसलाय. त्याच्या मागं अंपायर बसलाय. हा काय खेळ आहे? सगळे बसलेलेच.’’

‘‘बॉलरचं सांग.’’

‘‘बॉलर थुंकला. आता फेकला. थ्रो आहे बरं का, नो-बॉल द्यायला पाहिजे. फुल टॉस. मारला नाही यानं. सोडून दिला आणि अंपायर ओरडला.’’

नातू इकडे किंचाळला, ‘‘आजोबा, स्ट्राइक का बॉल?’’

‘‘बापू, तो विचारतोय, स्ट्राइक की बॉल?’’

‘‘बॉलच की. बॉल नाही तर काय टाकेल, लगोरी?’’

पाच सामने असे झाले. तिसऱ्या सामन्यापासून बापूची भाषा सुधारली. पाचव्यात त्याने मॅनेजरला बदलण्याची मागणी केली. पण चहाला उठला की एक अख्खी इनिंग जायची, आणि एकदा त्याच्या बायकोने मध्येच फोन घेऊन सूनबाईंच्या कंबरदुखीची सविस्तर चौकशी केली. त्या वेळात कब्सने तीन धावा काढल्या होत्या असे नंतर कळले. हा उपाय मी अजूनही उत्तम मानतो. घरात मात्र मत एक-तीन पडले.

रेडिओबद्दल थोडक्यात. आवाजाला हा विभागवार काळोख लागू नाही, लीगच्या सेवेत समालोचन कुठूनही ऐकता येते. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत आमची पिढी मैदान न बघता क्रिकेट शिकली, हे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, ‘‘तुमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता, आजोबा. आमच्याकडे आहे.’’ यावर उत्तर सुचल्यास कळवावे. सामना संपून तास-दीड तास गेल्यावर पूर्ण रेकॉर्डिंग उघडते, हेही खरे. पण तोवर अकरा वाजून जातात, आणि निकाल कानावर पडू नये म्हणून घरातल्या चार फोनांचा पंचनामा करून ते डब्यात ठेवावे लागतात.

मग ऑगस्टची ११ तारीख आली. डे मॉइनहून तीनेक तासांवर, याच आयोवात, डायर्सव्हिल नावाचे छोटे गाव आहे. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा १९८९ सालचा चित्रपट तिथल्या मक्याच्या शेतात झाला, आणि आता लीगने त्या शेतालगत मैदान बांधून सामना ठेवला होता : कब्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स. खेळाडू उभ्या मक्यातून वाट काढत मैदानात येणार. म्हणजे हिस्सेदार जातीने शेतावर हजर! हा सामना साऱ्या देशासाठी फॉक्स वाहिनीवर होता, म्हणून लीगच्या स्ट्रीमिंगवर तो साऱ्या देशालाच बंद. पण फॉक्स इथे हवेतून फुकट येते. लागतो फक्त अँटेना.

अँटेना! चिरंजीव यूट्यूबवर कृती शोधायला लागले. मी त्यांना बाजूला सारले. घरच्या गच्चीवर मी १९८० च्या दशकात माशाचा काटा फिरवलेला माणूस. आणि हे कसब काही इतिहासजमा नाही. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने भारताच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावे लागते, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच जावे. तेव्हापासून सांगलीतल्या केबलवरही सामन्याच्या वेळी दूरदर्शनवर दुसरेच काही चालू असते, आणि आमच्या गल्लीत ज्याच्याकडे फ्री डिशची छत्री त्याच्याकडे चपलांचा ढीग.

दुकानातून कागदासारखा चपटा अँटेना आणला. भिंतीवर लावला, चित्र नाही. कपाटावर, मुंग्या. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, काचेपासून वीतभर अंतरावर, थोडा तिरका धरला आणि मागून ओरडा आला.

‘‘दिसलं! आजोबा, हलू नका!’’

चिकटपट्टीने लावून पाहिला, गेले. खुर्चीच्या पाठीला बांधला, गेले. माझ्या हातात असला की येई. त्यामागचे शास्त्र मला माहीत नाही, सौ. म्हणाल्या अंगात लोह वाढले असेल. मी उभा राहिलो. मक्यातून कोण कसे आले, कुणी काय मारले, ते मला पाठीमागच्या आरडाओरड्यावरून कळत होते. दर इनिंगनंतर हात बदलायचा, आणि तो बदलताना सगळ्यांनी श्वास धरायचा. मध्ये सूनबाईंनी पोहे भरवले.

कब्स ४-२ असे जिंकले. नातू येऊन कंबरेला मिठी मारून गेला, तेव्हाही मी अँटेना खाली घेतला नाही, कारण मुलाखती चालू होत्या. मिरजेहून बापूचा फोन आला. त्याने पहाटे पावणेपाचपासून पाहिला होता आणि त्याला त्यावर बोलायचे होते.

‘‘दादा, शेवटची इनिंग कशी वाटली?’’

मी त्याला समोरच्या घरातल्या माणसाने रात्री नऊ वाजता लॉनवरचे पाणी कसे बंद केले ते सांगितले. माझे तोंड खिडकीकडे होते.