पंधरा वॅटचे मामा

मामांच्या घरी पोचल्यावर 'कसे आहात' असं विचारायचं नसतं. 'तापला का?' असं विचारायचं. ताप मामांना नसतो, कपाटावरच्या डब्याला असतो. डबा म्हणजे इंग्लंडात बनलेला एक छोटा अँप्लिफायर. तो दिवसरात्र चालू ठेवावा, असं बनवणाऱ्यांचंच सांगणं आहे आणि मामा ते एकादशीसारखं पाळतात. एकादशी निदान पंधरा दिवसांनी येते. डिसेंबरात आदिलाबादेत हाडं गोठवणारी थंडी पडते, तेव्हा शेजारची मांजर येऊन त्या डब्यावर वेटोळं करून झोपते. त्या डब्याचा निर्विवाद फायदा झालेली, माझ्या माहितीतली, ही एकटीच.

मामा राहतात मावल्याला. पांढरकवड्याहून हमरस्त्यानं निघालं, पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, माणसं मात्र बराच वेळ मराठीच राहतात. आदिलाबाद मागं टाकलं की मावला. २०१६ साली जिल्ह्याचे तुकडे पडले तेव्हा मावल्याचं स्वतंत्र मंडळ झालं. पण मामांच्या लेखी मावल्याच्या इतिहासात एकच मोठी तारीख आहे आणि ती मंडळाची नाही. ती पुढं येईलच.

मामा वीज खात्यात लाइनमन होते. तीस वर्षं खांबावर चढून गावाला वीज दिली आणि निवृत्त झाल्यावर त्याच विजेवर त्यांचा विश्वास उडाला. "मी जोडलेली तार हाय ते. मले नाही समजणार का काय येते तिच्यातून?" भिंतीवर एक स्टॅबिलायझर, त्याच्यावर दुसरा, आणि दोघांचं भांडण सोडवायला तिसरा. अंगणात तुळशीवृंदावन आणि त्याच्या अलीकडं अर्थिंगचा खड्डा. मामी सकाळी तुळशीला पाणी घालतात, मामा अर्थिंगला. दर उन्हाळ्यात त्यात मीठ आणि कोळसा पडतो. एकदा पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं दोन्हीकडं हळदकुंकू वाहिलं, तर मामांनी तिला अडवलं नाही. "हळदीनं काही बिघडत नाही," एवढंच म्हणाले.

आता त्या डब्याचं नाव. कंपनीचं नाव उच्चारायचं 'नेम' आणि मशीनचं 'नेट'. सॅलिसबरी नावाच्या, उंच चर्चसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात ज्युलियन व्हेरेकर या गृहस्थांनी १९७३ साली कंपनी काढली. हा माणूस आधी मोटारींच्या शर्यती करायचा. दहा वर्षांनी, १९८३ साली, त्यांनी हा पहिला नेट आणला. मराठी माणसाला या नावांचा अर्थ आपोआप लागतो आणि चुकीचा लागतो. "मामा, नेट आहे का घरात?" असं पोस्टमननं विचारलं तर मामा त्याला आत नेऊन आपल्याकडचे तिन्ही नेट दाखवतात. तो बिचारा मोबाइल धरून उभा. आणि "आज नेम नाही," असं मामी म्हणाल्या तर त्या विजेबद्दल बोलताहेत की कंपनीबद्दल, हे आवाजावरून ओळखावं लागतं.

पहिल्या नेटवर एका बाजूला फक्त १५ वॅटच्या आसपास ताकद. पुढं आवाजाचं गोल बटण, तोल साधायचं गोल बटण आणि कुठून ऐकायचं ती बटणं. बस्स. बास वाढवायचं बटण नाही, ट्रेबलचं नाही. ही गोष्ट मावल्यात कुणालाही पटवून देता येत नाही. मामांनी हे मशीन मुंबईच्या चोरबाजारातून उचललं आणि नंदिग्राम एक्स्प्रेसनं, रात्रभर मांडीवर घेऊन, आदिलाबादला आणलं. समोरच्या बाकावरच्या बाईनं बाळ समजून आवाज बारीक केला होता म्हणे.

दुसरा, १९८८ सालचा नेट टू. ताकद जराशी जास्त, देह तेवढाच. तो निर्मलकडच्या, आखातात पंधरा वर्षं राबून आलेल्या एका माणसाकडून मिळाला. त्या भागातून गल्फला गेलेली माणसं परतताना कंबल आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात, पूर्वी टू-इन-वन आणायची. हा एकटा असा निघाला की मालकानं जाताना काय देऊ म्हटलं तर कोपऱ्यातला डबा मागितला. घरी आल्यावर त्याला कळलं की बास नाही. त्यानं तो मामांना दिला, बदल्यात मामांनी त्याच्या अख्ख्या घराचं वायरिंग करून दिलं. सौदा कुणाला महाग पडला यावर दोन मतं आहेत. दोन्ही मामींची आहेत.

तिसरा १९९३ सालचा, पुण्याच्या एका सद्गृहस्थांकडून कुरिअरनं आलेला. इथं मोठा बदल झाला. अरुंद, छोटा डबा गेला आणि इतर लोकांच्या मशीनसारखा रुंद, चपटा देह आला. ताकद वाढली, ३० वॅट. मामांना ही रुंदी अजून पचलेली नाही. तिघांची तुलना करायला बसले की ते वॅटवर बोलत नाहीत, घराण्यावर बोलतात. "पहिला आपल्या गावचा हाय. थोडं बोलते, पण मधात कोणी बोलत नाही. दुसरा तालुक्याले जाऊन आलेला, त्याच्या बोलण्यात जोर हाय. अन् तिसरा पुण्यात शिकला. सारं शुद्ध बोलते. पण बाबू, काय बोलला ते घरी गेल्यावर आठवतच नाही."

"आणि चौथा?" मामींनी एकदा विचारलं.

चौथा नाहीच. तीननंतर कंपनीनं २००० साली एकदम पाच नंबर काढला. का, याला मामांकडं उत्तर नाही. विजेपासून वास्तुशास्त्रापर्यंत ज्यांच्याकडं उत्तर नाही असा प्रश्न मी ऐकलेला नाही, त्या माणसाला या एका प्रश्नानं गप्प बसवता येतं. मामी हा प्रश्न जपून, सणासुदीलाच वापरतात.

२०२३ साली कंपनीला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्तानं त्यांनी पुन्हा जुन्या, लहान डब्याच्या वळणाचा नेट फिफ्टी काढला. नगही मोजून १९७३. मामांनी तो विकत घेतला नाही, घेणंही शक्य नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी मला फोन केला. आवाज असा, की मला वाटलं न्यायालयात खटला जिंकले. "आले का नाही परत लहान डब्यावर? तीस वर्षं लागली त्यायले. म्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." कुणाला सांगितलं होतं, ते विचारलं नाही. नेट फिफ्टीचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये नातवाच्या बारशाच्या फोटोंमध्ये आहे. दाखवताना पुष्कळदा नातू पटकन पुढं सरकतो.

एवढं सगळं वाजतं कशातून? आदिलाबादचं सागवान नावाजलेलं. मामांनी लाकूड निवडून आणलं आणि स्पीकरच्या दोन पेट्या बनवायला गावातल्या सुताराला दिलं. सुतार उत्तम, पण त्याचा हात देवघरावर बसलेला. मापं मामांनी दिली तीच, पण पेट्यांच्या चारी कोपऱ्यांवर त्यानं कमळं कोरली आणि वर, न विचारता, एकेक छोटा कळस बसवला. मामा आधी चिडले. मग कळसावर बोटानं टिचकी मारून पाहिली, कान लावला आणि म्हणाले, "राहू दे. वरचा सूर मोकळा झाला." पेटी जमिनीपासून सुटी राहावी म्हणून खाली टोकं लागतात. मामांनी भोवऱ्याच्या आरी बसवल्या. गावातल्या पोरांचे आठ भोवरे त्या वर्षी बिनपायाचे झाले.

स्पीकरच्या तारेचीही एक कथा आहे. ही जुनी मशीनं अशी बांधलेली की तारेची लांबीसुद्धा त्यांच्या हिशेबात धरलेली असते. दर स्पीकरला निदान साडेतीन मीटर तार असावी, असं कंपनीचं म्हणणं. मामांची खोली सगळी मिळून तीन मीटर. त्यामुळं तार मशीनमधून निघते, खिडकीपर्यंत जाते, देवाच्या फोटोला वळसा घालते आणि दमून स्पीकरपाशी येते. तिची गुंडाळी करायची नाही, हा नियम. पावसाळ्यात मामी तिच्यावर रुमाल वाळत घालतात. "ओल्या रुमालानं आवाज जड होते," असं मामांचं मत. मामींचं मत, न घातल्यानं रुमाल ओले राहतात.

आता ती तारीख. १ जानेवारी २०१८. त्या दिवसापासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली. त्याआधी शेतीच्या पंपांना ठरावीक तास लाइन मिळायची. पाळी संपली, पंप बंद झाले, कापसाचं जिनिंगही थांबलेलं असलं, की रात्री दोन ते चार या वेळात घरात अशी वीज यायची, की मामांच्या शब्दांत, "गाळून घेतल्यासारखी." मामा उठायचे, चूळ भरायचे, ऐकायला बसायचे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यात पंप लावायला जायची शेतकऱ्यांची यातायात संपली, म्हणून गाव हरखलं. मामांनाही आनंदच झाला, त्यांनी आयुष्यभर त्याच लोकांचे फ्यूज बदलले होते. पण आता पंप कुणी केव्हाही चालवतो. रात्री तीनला स्टॅबिलायझर टक् म्हणाला, की मामा अंथरुणातूनच सांगतात, "चेरुवाकडचा पंप सुरू झाला." मावल्याच्या तळ्याला सगळे चेरुवुच म्हणतात. "त्याची मोटर घासून राहिली. बेरिंग जाईल उद्या." आणि जाते. त्या माणसाला बेरिंग आधीच आणून ठेवायची सवय लागली आहे.

गणपतीत मंडळाची पोरं वर्गणीला आली. अर्धी मराठी, अर्धी तेलुगू, बोलतात तिसरंच. एकानं विचारलं, मामा, इंग्लंडचा सेट मंडपात लावायला द्याल का?

"किती वॅटचा?" दुसऱ्यानं विचारलं. मंडपात आहुजाचं अडीचशे वॅटचं मशीन लागायचं.

"पंधरा," मामा ताठ होऊन म्हणाले.

"पदिहेनेना?" फक्त पंधरा? तो पोरगा आजार कळल्यासारखा मामांकडं पाहू लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन्ना, बास पण नाही?" जाताना त्यांनी वर्गणी एकशे एकावरून एक्कावन्नवर आणली. स्वतःहून.

आणि ऐकतात काय? किशोरीताई आमोणकरांची भूपाची तबकडी. तीही पहिली काही सेकंदं. तंबोरा सुरू होतो, जवारी खुलते, पहिला सूर येतो न येतो तोच मामा सुई उचलतात, तारा काढून दुसऱ्या मशीनला लावतात आणि पुन्हा तंबोरा. मग तिसऱ्यावर. मग पहिला आता जास्त तापलाय म्हणून परत पहिल्यावर. त्या तबकडीच्या कडेचा अर्धा बोट भाग झिजून पांढरा झाला आहे. पुढचा भाग दुकानातून आणल्यासारखा कोरा, चकचकीत. त्याच तबकडीवरचं 'सहेला रे' मामांनी ऐकलंय का, म्हणून मी एकदा विचारलं. "पुढं हाय ते," ते म्हणाले, जसं कुणी काशीबद्दल बोलावं.

मी या वेळी दिवाळीला परीक्षा घ्यायचं ठरवून गेलो होतो. मामांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. मी न सांगता मशीन बदलणार, त्यांनी नंबर सांगायचा. नऊ वेळा बदललं. नऊच्या नऊ बरोबर. तंबोऱ्याची दुसरी तार वाजायच्या आत उत्तर. मी अगदी खाली आलो. इतकी वर्षं या माणसाला हसलो, असं वाटून पाया पडावं की काय, या विचारात होतो.

"मामा, एवढं कळतं कसं?"

"पहिला कपाटावर हाय. तू पाटावर चढतो, पाट कुरकुरते. दुसऱ्यापाशी मामीचा शेवेचा डबा हाय, तो तू सरकवतो. दोन्ही नाही वाजलं की तिसरा." त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणाचा लवलेश नव्हता. "तंबोरा वाजून राहिला, त्याच्यातून पाट ऐकू आला मले. असा कान पाहिजे बाबू. तुले आला का ऐकू?"

मला आला नव्हता.

मामी एवढा वेळ दाराशी वाती वळत बसल्या होत्या. घरच्याच कापसाच्या. मांडीवर परात, बोटं चाललेली. मी त्यांना म्हटलं, "मामी, तुम्हाला काही फरक कळतो का तिघांत?"

"कळते ना," मामी मान वर न करता म्हणाल्या. "पहिल्यावर अकरा वाती होतेत. दुसऱ्यावर दहा. तिसऱ्यावर नऊच. तिसरा हे लवकर बंद करतेत."

मामा पहिल्यांदाच भिंतीकडून वळले. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"नऊ? मोजल्या तू?"

"दर दिवाळीले मोजतो."

मामांनी फळीवरची वही काढली, तारीख घातली, लाइनमनच्या वहीत घालायचे तशा तीन रेघा मारल्या आणि लिहून घेतलं. मग सुई उचलून परत कडेला ठेवली. "एक बार अजून. आता जरा बारीक वळ."