फुगतो का?

पफर पाळलाय म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, “फुगतो का?” आमच्या घरी हा प्रश्न चहाचा कप हातात धरून, टाकीसमोर वाकून विचारला जातो. लहान मुलं काचेवर टकटक करून उत्तर परस्पर काढू पाहतात. मासा कुणाचंच समाधान करत नाही, आणि त्याने ते करू नये म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसते. कारण पफर फुगतो तो जिवावर बेतल्यावर. भराभर पाणी गिळून पोट ताणायचं आणि खाणाऱ्याच्या घशात मावणार नाही एवढं व्हायचं, हा त्याचा शेवटचा उपाय. बरगड्याच नसल्यामुळे ते जमतं खरं, पण अंगावर येतं. पाण्याबाहेर काढल्यावर घाबरून हवा भरून घेतली, तर ती बाहेर टाकता न आल्याने जीवही जाऊ शकतो. थोडक्यात, फुगणारा मासा आणायचा आणि तो कधीच फुगू नये म्हणून झटायचं, असा हा छंद आहे. पाहुण्यांना दाखवण्यासारखं यात काही नाही.

आमचा आहे पी पफर. पुरता वाढला तरी जेमतेम इंचभर. दुकानात त्याला फॉरेनच्या पाहुण्याचा मान असतो, पण मूळचा तो केरळातला, पश्चिम घाटातून उतरणाऱ्या नद्यांचा. पंबा नदीतल्या नमुन्यांवरून होरा आणि नायर यांनी १९४१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याच्या नावाला त्रावणकोर जोडलं. पुढे जगभरच्या हौशी मंडळींना तो इतका आवडला, की नद्यांच्या दुर्दशेबरोबर ही आवडही त्याला भोवली. आता तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. तेव्हा घ्यायचाच तर टाकीत पैदास झालेला घ्यावा, असं माझं मत. दुकानदार ‘सगळं एकच असतं’ म्हणाला, तर दुकान बदलावं.

मालवणच्या काकांना हे कौतुक मुळीच मान्य नाही. त्यांच्या लेखी पफर म्हणजे केंड : जाळी कुरतडणारा, अंगात विष असलेला, शिव्या घालून परत समुद्रात भिरकावायचा मासा. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, “गो बाय, पैशे मोजून केंड घेतलंस?”

सासरी वेगळीच पंचाईत. घर शुद्ध शाकाहारी, आणि हा पठ्ठ्या बाजारातल्या कोरड्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला लागतात ब्लड वर्म, म्हणजे चिलटासारख्या एका कीटकाच्या लालभडक अळ्या. त्या गोठवलेल्या मिळतात आणि गोठलेल्याच ठेवाव्या लागतात. त्यामुळे आमच्या फ्रीझरमध्ये मोदकासाठी खवून ठेवलेलं खोबरं आणि अळ्यांचं पाकीट यांच्यामध्ये मटारच्या पिशव्यांची भिंत आहे. ती सासूबाईंनी स्वतः रचली. मटार संपत आले की त्या न सांगता आणतात.

पण त्याचं खरं पक्वान्न गोगलगाय. इतर लोक टाकीत गोगलगाई झाल्या की हैराण होतात. आम्ही खिडकीत बरणी ठेवून त्या वाढवतो, त्यांना काकडीची चकती घालतो. एक टाकीत सोडली की हा वनस्पतींमागून निघतो. शेपूट हलवण्याची घाई नाही; बाजूचे इवले पर एवढे भरभर चालतात की दिसतही नाहीत. गोगलगाईपाशी येऊन तो थबकतो. एक डोळा तिच्यावर, दुसरा स्वतंत्रपणे माझ्यावर. मुलगी बघायला आलेल्या मावशीबाईंसारखं वरून, खालून, बाजूने निरखून होतं. मग शेपटी हळूच एका बाजूला वळते, आणि शंखातून पाय जरा बाहेर आला रे आला की टच्! रिकामा शंख वाळूवर पडतो. सासूबाई अशा वेळी देवघरात जातात, पण ‘खाल्लं का त्याने?’ हे आतूनच विचारतात.

हे टणक खाणं नुसते लाड नव्हेत. पफरचे चार दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि जन्मभर वाढत राहतात. मोठ्या जातींत ते झिजले नाहीत तर तोंड मिटेनासं होतं, मग माशाला गुंगी देऊन दात कापावे लागतात. गुंगीसाठी वापरतात लवंगेचं तेल. दातदुखीवर लवंग, हा आजीबाईंचा बटवा माशांपर्यंत पोचलाय हे कळल्यावर सासूबाईंच्या मनातली त्याची किंमत जराशी वाढली.

बाकी व्याप नेहमीचेच. नवी टाकी काही आठवडे माशाविना चालवायची, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू आधी वस्तीला येतात. रिकाम्या टाकीच्या विजेवरून घरात भाषण ऐकावं लागतं. अंगावर खवले नसल्याने औषधं जपून द्यायची. शेजारी गप्पी ठेवायचे नाहीत, शेपट्या शिल्लक राहत नाहीत.

यंदा दिवाळीत गावाला जायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या काकूंना सगळं समजावलं : अळ्यांचा एवढासाच तुकडा, उरलं तर काढून टाकायचं, गोगलगाय एकच. काकू कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांनी बरणीकडे पाहिलं, फ्रीझरकडे पाहिलं.

“उपास चालतो का गं त्याला?”

“चालतो की. आठवड्यातून एखादा दिवस उपाशी ठेवलेला बराच.”

“मग एकादशीला मी येणार नाही,” काकू म्हणाल्या, “आणि चतुर्थीला चंद्रोदयानंतर येईन.”